चार कागदांचं वजन

१

"करारनामा?" अध्यक्षांनी यादीवर बोट ठेवून विचारलं.

"आहे," ती म्हणाली आणि सतरा नंबरच्या पाकिटात हात घातला.

अर्ज होता. आराखडा होता. प्रयोगशाळेचे तक्ते होते. तिने कागद एकदा उलटले, मग बोटाला थुंकी लावून एकेक करून उलटले. करारनामा नव्हता.

"असेल ना. सकाळी होता. मी खूण केली आहे."

"खूण दिसते आहे," अध्यक्ष म्हणाले. "कागद दिसत नाही."

घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या बैठकीच्या खोलीत चौघं बसले होते. दाराला बाहेरून कुलूप होतं आणि किल्ली दारावरच्या मामांच्या गळ्यात. खिडकीची काच कायमची बसवलेली. फोन सकाळीच मामांकडच्या पत्र्याच्या पेटीत गेले होते. छोट्या कारखान्याने आणि एखाद्या प्रयोगशाळेने मिळून काही नवं करायचं ठरवलं, तर सरकार त्या संशोधनाला अनुदान देतं, अशी ती योजना. वशिल्याचं बोलणं होऊ नये म्हणून निवडीच्या दिवशी परीक्षकांना असं कोंडून घेत. त्यांच्याबरोबर छाननी करणारी तीही कोंडली जाई.

करारनामा म्हणजे कारखाना आणि प्रयोगशाळा यांनी सह्या केलेले मूळ चार कागद. तो नसला तर अर्ज तिथेच बाद.

"कलम सात," अध्यक्ष म्हणाले. पाणीपुरवठ्यातले निवृत्त मुख्य अभियंता. सगळं कार्यालय त्यांना पाठीमागे कलमकाका म्हणे. "बंद बैठकीत मूळ कागद गहाळ झाल्यास दक्षता अधिकारी येईपर्यंत कोणीही खोली सोडणार नाही." ते उठले आणि दारावर टकटक करून म्हणाले, "मामा, दक्षता अधिकाऱ्यांना फोन लावा."

थोड्या वेळाने दाराच्या फटीतून मामांचा आवाज आला, "साहेब, ते दौऱ्यावर आहेत. निघतो म्हणाले. पोचायला नऊ वाजतील."

नऊ.

तिची छकुली पाळणाघरात होती आणि पाळणाघर सहाला बंद होत होतं. नवऱ्याची पाळी दहाला सुटायची. सासूबाई नणंदेकडे. पाळणाघरवाल्या काकूंचा नियम भिंतीवर लावलेला होता: सहाच्या पुढे पाच मिनिटं माफ, त्यापुढे उशीर, तीन उशीर झाले की नाव कमी. तिचे दोन झाले होते. आठ महिन्यांच्या, वजन न भरणाऱ्या पोरीला दुसरं कोणी घेत नव्हतं. आणि पाळणाघर गेलं की नोकरी गेलीच.

"काय ग, पांढरी पडलीस?" मॅडमनी हळूच विचारलं. "सहाची ना तुझी वेळ?"

तिने मान हलवली. ही गोष्ट सकाळी तिने फक्त मॅडमना सांगितली होती.

२

तिघं परीक्षक. कलमकाका मधल्या खुर्चीत. डावीकडे काटेवाले, म्हणजे वजनकाट्यांचा मोठा कारखाना असलेले गृहस्थ. आवाज मोठा, पोट त्याहून मोठं. उजवीकडे मॅडम, विद्यापीठातल्या प्राध्यापिका, हाताखाली अकरा संशोधक. आपल्या मुलाला आपण प्रयोगशाळेत उपकरणांच्या रिकाम्या खोक्यात निजवून वाढवलं, असं त्या सकाळीच हसत सांगत होत्या.

"सरळ आहे," काटेवाले म्हणाले. "ताईंनी कागद न बघता खूण केली. आपण सगळेच करतो. माफी मागा, अर्ज बाद करा, चला घरी."

"मी बघून खूण केली," ती म्हणाली. "चार कागद होते, जाड. वरच्या कोपऱ्यात पिन होती. शेवटच्या पानावर तीन सह्या. तिसरी साक्षीदाराची."

"कोणाची?"

"नाव नव्हतं, नुसती सही. मोठा वेढा आणि खाली दोन टिंबं."

तिला ती सही आठवण्याचं कारण साधं होतं. ते टिंबांचं वेटोळं तिला डोळे मिटलेल्या बाळासारखं वाटलं होतं.

"अहो, पण काढेल कोण?" कलमकाका म्हणाले. "आणि कशासाठी?"

तिघांच्याही नजरा काटेवाल्यांकडे वळल्या. सतरा नंबरचा अर्ज होता वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीचा. कॉलेजच्या प्रयोगशाळेबरोबर त्याने तान्ह्या बाळांसाठी घडी घालून पिशवीत नेता येईल असा कापडी काटा केला होता. त्याचा नमुना भिंतीलगतच्या टेबलावर पसरलेला होता, निळी दुलई आणि एका कडेला छोटासा आकडेफलक.

"माझ्याकडे काय बघता?" काटेवाले लाल झाले. "कुठल्याही अर्जाशी संबंध नाही म्हणून सकाळी लिहून दिलंय मी. मी भाजीवाल्यांचे काटे करतो, पोराबाळांचे नाही! आणि काढलाच तर ठेवू कुठे? या, घ्या झडती! या पोटामागे काही लपत नाही."

झडती झाली. खिसे, पिशव्या, खुर्च्यांच्या गाद्या, कचऱ्याची टोपली, बाजूच्या खोलीतलं कपाट. कलमकाकांनी स्वतःचे बूटसुद्धा काढून दाखवले. तिनेही पर्स टेबलावर उपडी केली: दुपटं, औषधाची बाटली, खुळखुळा.

कागद कुठेच नव्हता. तीन वाजून गेले होते.

३

बैठकीच्या खोलीतूनच आत जायची ती बाजूची खोली म्हणजे एक खुर्ची, एक दिवा, एक कपाट आणि जुना गालिचा. परीक्षकाला शांतपणे वाचायचं असलं की तिथे बसायचं. साडेबाराला सतरा नंबरचं पाकीट परीक्षकांपुढे आलं होतं आणि जेवणाच्या सुट्टीत तिघांनी ते आळीपाळीने तिथे नेऊन वाचलं होतं.

"मी पहिला," कलमकाका म्हणाले. "आराखडा वाचला. करारनामा बघणं छाननीचं काम. मी का बघू?"

"मग मी," काटेवाले म्हणाले. "मी फक्त अचूकतेचे आकडे पाहिले. एका ग्रॅमपर्यंत म्हणे! कापडाचा काटा, एक ग्रॅम! मनात म्हटलं, फेकतोय."

"मी शेवटची," मॅडम म्हणाल्या. "मला वाटलं, नंतर तपासणार आहेतच."

म्हणजे तिघांच्याही हातात आणि तिघांनीही न पाहिलेला. ती त्या खोलीत जाऊन उभी राहिली. रांगतं मूल असलेल्या बाईची नजर खोलीत शिरली की आधी जमिनीवर जाते: बटण, शेंगदाणा, नाणं, तोंडात जाईल असं काहीही. खुर्चीच्या पायाशी काहीतरी चमकलं. तिने सवयीने वाकून उचललं.

वाकडी झालेली, दोन्ही टोकं उघडलेली स्टेपलरची पिन. कोणीतरी नखाने उचकटून काढलेली.

म्हणजे करारनामा पाकिटात होता. या खुर्चीत बसून कोणीतरी तो सुटा केला होता. आणि खोलीबाहेर काही गेलं नव्हतं. मामा तर जेवणाची रिकामी भांडीसुद्धा उलटी करून बघत.

ती परत आली तेव्हा चार वाजले होते. आता काकू मुलांना खाऊ देत असतील. छकुली अर्धा चमचा खाईल आणि तोंड फिरवील. सहा किलो चारशे. गेले दोन महिने काटा तिथेच अडला होता. दर रविवारी दवाखान्याच्या रांगेत उभं राहायचं आणि वीस ग्रॅमसाठी जीव टांगणीला लावायचा. वीस ग्रॅम म्हणजे किती, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

ती एकदम थांबली.

टेबलावर सोळा पाकिटं रचून ठेवलेली होती, गुण देऊन झालेली. प्रत्येकाच्या तोंडावर कागदी पट्टी आणि पट्टीवर बंद करणाऱ्या परीक्षकाची सही. तिघांनी मिळून ठरवल्याशिवाय ती कोणी उघडायची नसतात, म्हणून झडतीत त्यांना हात लावायचं कोणाच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

आणि प्रत्येकाच्या डाव्या कोपऱ्यात पेन्सिलने, तिच्याच अक्षरात, एकेक बारीक आकडा होता.

४

"हे वजन आहे," ती म्हणाली. "गेल्या वर्षी एकाने कागद गहाळ झाल्याची तक्रार केली होती. तेव्हापासून आवक विभागात पाकीट आलं की मी तोलते आणि आकडा लिहिते."

"हे कुठल्या कलमात आहे?" कलमकाकांनी विचारलं.

"कलमात नाही, साहेब. सवयीत आहे."

काटेवाले खुर्चीत पुढे सरकले. "पण काटा खाली. आपण वर, कुलपात."

तिने भिंतीलगतच्या निळ्या दुलईकडे बोट दाखवलं.

"छे छे!" कलमकाका म्हणाले. "अर्जाचा नमुना आहे तो. गुण देण्यापूर्वी वापरायचा नसतो."

"तपासायचा तर असतो ना, साहेब? तपासूच."

काटेवाल्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. त्यात पितळेचं एक छोटं वजन अडकवलेलं होतं. "वडिलांचं आहे. पन्नास ग्रॅम, केसाचाही फरक नाही. बघू तुमच्या मिस्त्रीची फुशारकी." त्यांनी ते सोडवून दुलईच्या मधोमध ठेवलं. फलकावर आकडा थरथरला आणि थांबला. पन्नास. त्यांनी ते कडेला सरकवलं. पन्नास. दुलईला सुरकुती पाडली. पन्नास.

"आईशप्पथ," काटेवाले पुटपुटले. त्यांचा चेहरा पडला होता आणि त्याच चेहऱ्यावर कौतुकही होतं. "हा माणूस मला बुडवणार."

तिने आधी सतरा नंबरचं पाकीट ठेवलं. कोपऱ्यात लिहिलं होतं तीनशे अठ्ठ्याऐंशी. फलक म्हणाला तीनशे सत्तावन्न.

"एकतीस ग्रॅम कमी," ती म्हणाली. "चार जाड कागद. म्हणजे मी पाकीट घेतलं तेव्हा करारनामा आत होता."

मग बंद पाकिटं. प्रत्येकात नंतर तिघांच्या गुणपत्रिका घातलेल्या. तीन कागद आणि पट्टी मिळून पंधरा ग्रॅमची भर हवी. एक नंबर, पंधरा जास्त. दोन, पंधरा. तीन, पंधरा. कलमकाका आता स्वतःच आकडे मोठ्याने वाचत होते. मॅडम खिडकीपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

पंधरा नंबर, पंधरा ग्रॅम जास्त.

सोळा नंबर. लिहिलेलं चारशे बारा. फलकावर चारशे अठ्ठावन्न.

"सेहेचाळीस," काटेवाले म्हणाले. "पंधरा आणि एकतीस."

कलमकाकांनी पाकीट उलटं करून पट्टीवरची सही वाचली. मग चष्मा काढून ते काटेवाल्यांकडे बघत राहिले.

"ही सही तुमची आहे."

५

"माझीच आहे! माझी पाळी होती. पण मी नुसती पट्टी चिकटवली हो!"

"तुमचा धंदा काट्यांचा. हा मिस्त्री तुम्हाला बुडवणार, आत्ताच म्हणालात."

"साहेब," ती मध्ये पडली. "यांनी कागद लपवला असता, तर आत्ता ते वजन ठेवून काटा खोटा पाडला असता. नुसतं 'दोन ग्रॅम चुकतोय' म्हणाले असते तरी आपण पुढे काही तोललं नसतं. यांनी तर तो खरा ठरवला."

काटेवाले तिच्याकडे बघत राहिले. "ताई, तुम्हाला माझ्या कारखान्यात..."

"आणि पाकीट भरलं कोणी?" तिने विचारलं, आणि विचारतानाच तिला उत्तर आठवलं.

जेवताना ती घाईघाईने घास गिळत होती. खांद्यावर हात पडला होता. 'शांतपणे जेव ग. सोळा नंबरच्या गुणपत्रिका मी भरते पाकिटात.' दिवसभरात तिच्याशी कोणी मायेने बोललं असेल तर ते तेवढंच.

"मॅडम," ती म्हणाली, "बोट दाखवता?"

मॅडम वळल्या नाहीत.

"दुपारच्या हजेरीला तुम्ही सही केली नाहीत. नाव सुटं सुटं लिहिलंत. म्हणालात, कागदाने बोट कापलं." तिने हजेरीचा कागद टेबलावर सरकवला. सकाळच्या रकान्यात मोठा वेढा होता आणि खाली दोन टिंबं. "कागदाने कापलं की रेघ उठते. पिन टोचली की ठिपका. पोरीची बोटं रोज बघते मी."

कलमकाकांनी पट्टी फाडली. तिघांनी मिळून उघडायचं असतं, हे त्या घटकेला त्यांनासुद्धा आठवलं नाही. आत, गुणपत्रिकांच्या पोटात, चार जाड कागद होते. चौथ्यावर साक्षीदाराच्या जागी तेच डोळे मिटलेलं बाळ.

मॅडम खुर्चीत बसल्या. बोटाच्या टोकावर लाल ठिपका होता.

"तो माझा जुना विद्यार्थी," त्या म्हणाल्या. "आता त्या कॉलेजात शिकवतो. दोन वर्षांपूर्वी गठ्ठा घेऊन आला असेल. सगळेच आणतात. मी फोनवर बोलत बोलत सह्या करते. सकाळी 'कोणत्याही अर्जाशी माझा संबंध नाही' असं लिहून दिलं, तेव्हा मला खरंच ठाऊक नव्हतं ग. मग दुपारी पान उलटलं आणि माझीच सही माझ्याकडे बघत होती."

"तेव्हाच सांगायचं," काटेवाले म्हणाले.

"खोटं लिहून दिलं तर प्रयोगशाळेचं अनुदान पाच वर्षं बंद. अकरा पोरं आहेत माझी. मला नुसता वेळ हवा होता. काही सुचेना, म्हणून..."

पाच वाजले.

६

कलमकाकांनी घसा साफ केला. "कागद सापडला. हे महत्त्वाचं. इतिवृत्तात असं लिहू: कागद सुरुवातीपासून चुकून सोळा नंबरच्या पाकिटात गेला होता. छाननीतली चूक. विषय मिटला. दक्षता अधिकाऱ्यांना परत पाठवू, सगळे सहाच्या आत घरी."

सगळे, म्हणजे तीही. सहाच्या आत. छकुली. पण छाननीतली चूक म्हणजे तिची चूक. तिचं कंत्राट पुढच्या महिन्यात संपत होतं आणि अशी एक ओळ त्याला पुरेशी होती. खोटं लिहिलं तर नोकरी जाणार. खरं लिहिलं आणि मॅडमनी नाकारलं तर नऊपर्यंत इथेच, मग पाळणाघर जाणार. चार भिंती होत्या, त्या आता जवळ आल्या.

इतिवृत्ताची वही तिच्यासमोर होती. तिघं तिच्या पेनाकडे बघत होते.

"कलम सात पूर्ण वाचा, साहेब," ती शेवटी म्हणाली. "छापायला जाण्यापूर्वी नियमावली मीच तपासली होती. कागद कोणी काढला हे अज्ञात असेल, तर सगळ्यांनी थांबायचं. काढणाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहून दिलं, तर फक्त त्याने."

कलमकाकांनी पुस्तिका उघडली. ओठ हलवत त्यांनी कलम वाचलं, मग पुन्हा वाचलं. "आहे खरं," ते म्हणाले. त्यांना स्वतःचीच लाज वाटल्यासारखं दिसलं.

ती मॅडमकडे वळली. "मी नुसतं 'निवेदन सोबत जोडलं आहे' एवढंच लिहीन. एक शब्द जास्त नाही. पण निवेदन तुमचं हवं."

"अकरा पोरं, अग."

"माझी एकच आहे, मॅडम. तुम्हाला वेळ ठाऊक होती. माझी वेळ सहाची, हे फक्त तुम्हाला ठाऊक होतं. आणि दोनपासून तुम्ही मला बसू दिलंत."

मॅडमनी टेबलावरच्या खुळखुळ्याकडे बघितलं. तो अजून तिथेच पडला होता. मग त्यांनी हात पुढे केला.

"कागद दे."

त्यांनी दीड पान लिहिलं. टोचलेल्या बोटामुळे सावकाश. खाली सही करण्यापूर्वी त्यांनी ते वरपासून खालपर्यंत वाचून काढलं. मग वेढा, मग दोन टिंबं.

उरलेल्या दोघांनी सतरा नंबरला गुण दिले. काटेवाल्यांनी आपली गुणपत्रिका घडी करण्याआधी तिला उगाचच दाखवली. अचूकतेच्या रकान्यात पैकीच्या पैकी होते.

पाच चाळीसला मामांनी दार उघडलं. "पळ पोरी," फोन हातात देत ते म्हणाले. मागे कुलूप पुन्हा लागल्याचा आवाज आला. आत एकच बाई होती आणि निळी दुलई.

७

ती धावली. जिना, रस्ता, फाटक, सिग्नल, पुन्हा रस्ता. पाळणाघराच्या दारात पोचली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजून दोन मिनिटं झाली होती.

"आलीस बाई!" काकू पर्स खांद्याला लावून उभ्या होत्या. "हिने आज अख्खी वाटी संपवली, माहीत आहे? कर सही."

छकुली कडेवर आली, ओले गाल मानेला घासले. काकूंनी वही पुढे केली, पेन हातात कोंबलं. रोज असंच होई. एका हाताने मूल सावरायचं, दुसऱ्याने बोटाखालच्या रेघेवर सही मारायची आणि सुटायचं.

पेन कागदाला टेकलं आणि थांबलं. तिने ती ओळ वाचली.

छकुलीच्या नावापुढे, नेण्याच्या वेळेच्या रकान्यात लिहिलं होतं: सहा वाजून दहा मिनिटं.

"काकू, घड्याळात सहा-दोन झालेत."

"ते होय? तू दिसली नाहीस, तेव्हा लिहून ठेवलं आधीच. मेली मला घाई असते. कोण बघतं?"

तिने वहीची पानं मागे उलटली. तिचे दोन उशीर. गेल्या महिन्यातला आणि त्याच्या आधीचा. दोन्ही सहा वाजून दहा. तोच आकडा, तेच ठसठशीत अक्षर. त्या दोन्ही दिवशी ती किती वाजता आली होती, ते आता कोणत्याच काट्यावर तोलून बघता येणार नव्हतं. दोन्हींच्या पुढे सही मात्र तिचीच होती.

छकुली तिच्या खांद्यावर जड होऊन पेंगायला लागली.

तिने आजच्या दहावर रेघ मारली, वर दोन लिहिलं आणि वही काकूंच्या पुढ्यात फिरवली.

"आधी तुम्ही करा सही, काकू," ती म्हणाली. "वाचून."